लोड आला की लिनक्स हँग होतं? पॉवर बटणाला हात लावण्याआधी हे करा

भोसरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात दोन सॉकेटांचं एक मशीन आहे. ३२ कोअर, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवायची सोय) धरून ६४ थ्रेड, १२८ जीबी रॅम. त्यावर ओपनफोम या प्रवाहाच्या गणिताच्या सॉफ्टवेअरची गणितं चालतात: पंपाच्या आत पाणी कसं वळतं, पंख्याच्या पात्यावरून हवा कुठे सुटते, असली. चार कोअरवर लावलेलं गणित आठवडाभर बिनतक्रार चालायचं. बत्तीसही कोअर लावले की तिसऱ्या-चौथ्या तासाला मशीन गप्प. माउस जागच्या जागी, पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं, पंखे मात्र पूर्ण वेगात. मग बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं आणि गणित पहिल्यापासून लावायचं.

हे सुटायला मला अडीच महिने लागले. त्यातले दोन महिने मी अंदाजावर काम करत होतो. नवी रॅम घेतली, थर्मल पेस्ट बदलली, तीन वेगवेगळी कर्नल (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर सांभाळतो) लावून पाहिली. खरं कारण एका रात्रीत सापडलं, कारण त्या रात्री पहिल्यांदाच हँग होणाऱ्या मशीनचे शेवटचे शब्द दुसऱ्या मशीनवर येऊन पोचले. ते काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. म्हणून खालच्या पायऱ्या मी तेव्हा केल्या त्या क्रमाने दिलेल्या नाहीत. आज माझ्यासमोर असं मशीन आलं तर ज्या क्रमाने करीन, त्या क्रमाने दिल्या आहेत.

सगळं लिनक्ससाठी आहे. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

सुरुवातीलाच जवळ काय हवं

- रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड किंवा सुडोचा अधिकार
- दुसरं एखादं कॉम्प्युटर, जुना लॅपटॉपही चालेल. दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर, केबलने जोडलेली
- वायरचा कीबोर्ड
- मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) टाकलेला पेनड्राइव्ह
- स्ट्रेस-एनजी (मुद्दाम भार आणायला), एलएम-सेन्सर्स (तापमान बघायला), रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवायला) आणि स्मार्टमॉनटूल्स (डिस्कची तब्येत बघायला) ही पॅकेजेस
- ताजा बॅकअप. पुढच्या काही दिवसांत हे मशीन बऱ्याच वेळा धडकन बंद होणार आहे
- एक वही

वहीबद्दल आग्रहाने सांगतो. तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं, किती कोअरवर, किती वेळाने हँग झालं आणि मागच्या वेळेपासून काय बदललं, या पाच गोष्टी प्रत्येक वेळी लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकाच रविवारी रॅमही बदलली आणि बायोसही अपडेट केलं. नंतरचे सहा दिवस मशीन नीट चाललं, तर ते कशामुळे हे मला सांगता येईना. सातव्या दिवशी ते पुन्हा हँग झालं आणि हाती काहीच उरलं नाही.

१. हँग म्हणजे नेमकं काय झालं, ते ठरवा

"कॉम्प्युटर हँग झाला" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात. दुसऱ्या मशीनवरून आधी पिंग करा (नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का बघा), मग एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत जाऊन बघा.

पिंगही चालतं आणि एसएसएचही होतं: मग फक्त पडदा मेला आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डेस्कटॉप अडकलाय. आतलं काम बहुधा चालूच असतं, ते संपू द्या.

पिंगला उत्तर येतं, पण एसएसएच लॉगिनपाशी लटकतं: कर्नल जिवंत आहे, प्रोसेस पुढे सरकत नाहीत. संशय मेमरीवर किंवा डिस्कवर घ्या.

पिंगही बंद: कर्नल स्वतः अडकलंय किंवा हार्डवेअर कोलमडलंय.

मशीन आपोआप रीस्टार्ट होतं किंवा फटकन बंद पडतं: याला हँग म्हणू नका. वीजपुरवठा आणि तापमान आधी बघा. प्रोसेसर धोक्याच्या तापमानापलीकडे गेला तर तो मशीन थेट बंद करतो, लॉगमध्ये ओळ लिहायलाही उसंत मिळत नाही.

कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, यावरून निदान करायची सवय अनेकांना असते. डेस्कटॉप चालू असताना तो दिवा डेस्कटॉपच्याच ताब्यात असतो. दिवा लागला नाही म्हणून कर्नल मेलं असं ठरवू नका. पिंगवर विश्वास ठेवा.

२. पुरावा बाहेर पडायला वाट करून ठेवा

रीस्टार्ट केल्यावर लॉगमध्ये काहीच सापडत नाही, ही नवख्यांची पहिली निराशा. त्यामागचं कारण साधं आहे: लॉग डिस्कवर लिहायचा असतो, आणि डिस्कपर्यंत पोचणारा रस्ताच अडलेला असतो. शिवाय सिस्टिमडीचं (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल साधे संदेश दर पाच मिनिटांनी डिस्कवर पक्के करतं, अतिगंभीर संदेश तेवढे लगेच. म्हणजे नेमकी हँगच्या आधीची मिनिटं हरवू शकतात. तरीही आधी 'जर्नलसीटीएल उणे-के उणे-बी उणे-१' ही कमांड देऊन मागच्या बूटचा कर्नल लॉग बघाच. मागचं बूट दिसतच नसेल तर 'वार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी तयार करा, म्हणजे जर्नल कायमचं साठू लागेल.

खरा उपाय नेटकन्सोल. हे कर्नलचं मॉड्यूल प्रत्येक संदेश डिस्कला न विचारता सरळ नेटवर्क कार्डातून यूडीपीने बाहेर फेकतं. मॉडप्रोब या मॉड्यूल चढवणाऱ्या कमांडने लावताना माहिती याच क्रमाने द्यायची: आपला पोर्ट, ॲट चिन्ह, आपला आयपी, तिरकी रेघ, नेटवर्क कार्डाचं नाव, मग स्वल्पविराम, मग समोरचा पोर्ट, ॲट, समोरचा आयपी, तिरकी रेघ, समोरच्या मशीनचा मॅक पत्ता. ठरलेले पोर्ट आपल्याकडे ६६६५ आणि समोर ६६६६. समोरच्या लॅपटॉपवर नेटकॅट (नेटवर्कवरून येणारा मजकूर ऐकणारं साधन) यूडीपी ६६६६ वर ऐकत ठेवा आणि येईल ते फाइलमध्ये साठवा.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. वायफायवर नेटकन्सोल चालेल असं धरून चालू नका, केबलच लावा. बहुतेक वितरणं (उबुंटूसारखे लिनक्सचे तयार संच) 'क्वाएट' हा पर्याय लावून बूट होतात, त्यामुळे कन्सोलवर फक्त गंभीर संदेश जातात. 'डीमेसेज उणे-एन ८' करा, म्हणजे सगळे जातील. आणि चाचणी घ्या: रूट होऊन 'डेव्ह/केमेसेज' या फाइलमध्ये एक शब्द लिहा. तो लॅपटॉपवर उमटला पाहिजे. उमटला नाही तर हँगच्या वेळीही काही उमटणार नाही. लॅपटॉपचं फायरवॉल तपासा.

मदरबोर्डवर सीरियल पोर्ट असेल, सर्व्हर बोर्डांवर बहुधा असतोच, तर तो नेटकन्सोलपेक्षाही भरवशाचा. बूटच्या ओळीत (सुरू होताना कर्नलला द्यायच्या पर्यायांच्या ओळीत) 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' जोडा.

आता पहारेकरी जागे आहेत ना ते बघा. कर्नलमध्ये दोन वॉचडॉग असतात. एखाद्या कोअरने सुमारे २० सेकंद दुसऱ्या कुठल्याच प्रोसेसला वाव दिला नाही, तर सॉफ्ट लॉकअपचा वॉचडॉग ओरडतो. कोअरने सुमारे १० सेकंद इंटरप्टही (हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणाऱ्या हार्डवेअरच्या हाकाही) घेतले नाहीत, तर हार्ड लॉकअपचा ओरडतो. हा दुसरा एनएमआय नावाच्या अडवता न येणाऱ्या इंटरप्टवर चालतो, म्हणून त्याची किंमत जास्त. 'सिसकंट्रोल कर्नल.एनएमआय_वॉचडॉग' विचारा, उत्तर १ आलं पाहिजे. बॅटरी वाचवणारं टीएलपी हे साधन तो मुळातच बंद करून ठेवतं, आणि वेग वाढवण्याच्या कित्येक टिपांमध्येही तो बंद करायला सांगितलेलं असतं. आमच्या मशीनवर मीच कधीतरी अशी टीप वाचून तो बंद केला होता. त्या अडीच महिन्यांतला मोठा भाग या एका ओळीने खाल्ला.

सोबत 'कर्नल.सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस' आणि हार्डलॉकअपचं तसंच सेटिंग १ करा, म्हणजे एक कोअर अडकला की सगळ्या कोअरचा जबाब नोंदवला जातो.

शेवटी सिस-आरक्यू. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एक अक्षर दाबलं की कर्नल थेट ऐकतं. पण कोणती अक्षरं ऐकायची ते एका आकड्यावर ठरतं. उबुंटूत तो मुळात १७६ असतो: तेवढ्यात डिस्क सिंक करणं, ती फक्त वाचण्याजोगी करणं आणि रीबूट इतकंच चालतं. आपल्याला लागणारी निदानाची अक्षरं त्यात नाहीत. तपास चालू आहे तोवर 'कर्नल.सिसआरक्यू' १ करा.

३. हँग झाल्यावरची पहिली पाच मिनिटं

थांबा. बटण दाबू नका.

हे सगळ्यात अवघड असतं, कारण कुणीतरी मागे उभं राहून कधी चालू होणार म्हणून विचारत असतं. पण वॉचडॉगला २० सेकंद लागतात, आरसीयू स्टॉलचा (एखादा कोअर फार वेळ अडकल्याचा कर्नलचा आणखी एक) इशारा २१ किंवा काही वितरणांत ६० सेकंदांनी येतो, आणि डिस्कपाशी अडकलेल्या प्रोसेसची तक्रार १२० सेकंदांनी. दुसऱ्याच मिनिटाला बटण दाबलं तर सगळ्यात बोलका साक्षीदार तोंड उघडायच्या आत गेला.

वेळ लिहून घ्या. पडद्यावर मजकूर असेल तर मोबाइलने फोटो काढा. पिंग करून बघा. मग सिस-आरक्यू या क्रमाने: 'एल' म्हणजे प्रत्येक चालू कोअर आत्ता कुठे आहे, 'डब्ल्यू' म्हणजे वाट बघत अडकलेल्या प्रोसेस, 'एम' म्हणजे मेमरीची स्थिती. प्रत्येक अक्षरानंतर दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या, चौसष्ट थ्रेडांचा मजकूर बाहेर पडायला वेळ लागतो. मग एकदा 'एफ' दाबा. कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतं. तेवढ्याने मशीन जिवंत झालं तर निदान झालंच, सरळ पाचव्या पायरीवर जा.

काहीच फरक पडला नाही तर 'एस', 'यू', 'बी': सिंक, डिस्क फक्त वाचण्याजोगी, रीबूट. फाइलसिस्टिमला बटणापेक्षा हे कितीतरी सौम्य.

एसएसएच चालू असेल तर कीबोर्डचीही गरज नाही. रूट होऊन 'प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर' या फाइलमध्ये तेच अक्षर लिहा. तिथे वरच्या आकड्याचं बंधनही लागत नाही.

४. लॉग वाचताना: ओरडणारा वेगळा, अडवणारा वेगळा

हा भाग सावकाश वाचा. माझ्या मते अर्धी चुकीची निदानं इथेच होतात.

बोरघाटात ट्रक बंद पडला की मागे दोन-दोन किलोमीटर गाड्या थांबतात आणि हॉर्न सुरू होतात. हॉर्न वाजवणाऱ्यांत बंद पडलेला ट्रक नसतो. तो पुढे, वळणाच्या पलीकडे, गप्प उभा असतो. अनेक कोअरच्या मशीनमध्ये अगदी हेच होतं.

एकाच वेळी अनेक कोअर कर्नलच्या आत काम करतात, म्हणून सामायिक माहितीला कुलपं लावावी लागतात. १९९६ साली लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसरांची सोय आली तेव्हा सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप होतं. एका वेळी एकच प्रोसेसर आत. ते हळूहळू मोडत मोडत २०११ च्या २.६.३९ मध्ये पूर्ण गेलं. आता लहान लहान असंख्य कुलपं आहेत. त्यामुळेच चौसष्ट थ्रेड एकदम पळू शकतात, आणि त्यामुळेच गुंताही होतो. बहुतेक लहान कुलपं स्पिनलॉक असतात: कुलूप मोकळं नसेल तर कोअर झोपत नाही, जागेवर गरगरत वाट बघतो. कुलूप धरणारा कोअर परतलाच नाही तर एकामागून एक बाकीचे तिथे येऊन गरगरू लागतात.

दुसरी वाट निरोपांची. एखाद्या कोअरने मेमरीच्या नकाशात बदल केला की तो इतर कोअरना निरोप धाडतो, 'तुमच्याकडची जुनी नोंद पुसा', आणि सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबतो. एकाने जरी इंटरप्ट बंद ठेवले असतील तर निरोप धाडणारा तिथेच अडकतो. लोड कमी असताना असे प्रसंग विरळ. सगळे कोअर भरले की ते सतत घडतात. चार कोअरवर न दिसणारा दोष बत्तीसवर का दिसतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आता लॉग. 'बग: सॉफ्ट लॉकअप, सीपीयू#७ स्टक फॉर २२एस' अशी ओळ आली की नवखा माणूस सात नंबरचा कोअर खराब म्हणतो. त्याआधी खाली 'आरआयपी'ची ओळ बघा. तो कोअर त्या क्षणी कोणत्या फंक्शनमध्ये होता ते तिथे असतं. 'नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ' दिसलं तर तो कुलपापाशी गरगरतोय. 'एसएमपी_कॉल_फंक्शन_मेनी_कंड' दिसलं तर तो होकाराची वाट बघतोय. दोन्ही हॉर्न वाजवणारे. सगळ्या कोअरच्या जबाबांतून असा कोअर शोधा जो यातलं काहीच करत नाहीये, वेगळ्याच फंक्शनमध्ये आहे. हार्ड लॉकअपच्या इशाऱ्यात ज्याचं नाव येतं, तो बहुतेक वेळा हाच. फंक्शनांच्या यादीत ज्या नावाआधी प्रश्नचिन्ह असतं ते खात्रीचं नसतं, त्यावर तर्क उभारू नका.

आमच्याकडे घडलं ते असं. रात्री पावणेदोनला पिंग थांबलं. जुना लॅपटॉप कपाटावर ठेवला होता. त्याच्या पडद्यावर आधी सीपीयू ७ ची ओळ आली, मग ४१, मग ३, मग २८. आधीच्या हँगच्या फोटोंतही दर वेळी असेच वेगवेगळे आकडे होते, म्हणूनच मी रॅमवर संशय घेतला होता. पण या वेळी एनएमआय वॉचडॉग चालू होता, आणि मी सिस-आरक्यू 'एल'ही दाबलं. मजकूर फाइलीत साठला आणि मी एकेका कोअरची आरआयपी ओळ वहीत उतरवत गेलो. स्पिनलॉक, स्पिनलॉक, होकाराची वाट, स्पिनलॉक. एकोणीस नंबरपाशी हात थांबला. तो रेड कार्डाच्या (अनेक डिस्क मिळून चालवणाऱ्या कार्डाच्या) ड्रायव्हरच्या आत होता, इंटरप्ट बंद करून, कार्डाच्या उत्तराची वाट बघत. 'प्रॉक/इंटरप्ट्स' उघडून पाहिलं तर त्या कार्डाचे जवळजवळ सगळे इंटरप्ट सीपीयू १९ वरच येत होते. बत्तीस प्रोसेस एकदम निकाल लिहायला लागल्या की कार्डाचं जुनं फर्मवेअर (कार्डातच असलेलं सॉफ्टवेअर) अडखळायचं, आणि १९ त्याच्यासाठी सगळ्यांना धरून ठेवायचा. फर्मवेअर बदललं, हँग थांबला. नवी रॅम अजून कपाटात आहे.

बाकीचे संदेश थोडक्यात. 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' म्हणजे प्रोसेस डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या साठ्याची वाट बघतेय. डिस्क नुसती हळू असली तरी हा येतो, म्हणून तो एकटा पुरावा नव्हे. हा इशारा मुळात दहाच वेळा छापला जातो आणि मग कर्नल गप्प बसतं, 'कर्नल.हंग_टास्क_वॉर्निंग्ज' उणे १ करून ठेवा. 'हार्डवेअर एरर' किंवा 'मशीन चेक' दिसलं तर सॉफ्टवेअरचा शोध थांबवा आणि सहाव्या पायरीवर या. 'एटीए'ने सुरू होणाऱ्या ओळींत 'एक्सेप्शन' असेल तर साटा केबल बदला. स्मार्टमॉनटूल्समधल्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदलायच्या आधी केबलच.

५. मेमरी भरणं, ज्याला लोक हँग म्हणतात

नवख्यांच्या मशीनवर मला हेच सर्वाधिक दिसतं. पडदा थिजलेला, पिंग चालू, डिस्कचा दिवा सतत पेटलेला.

मेमरी संपत आली की कर्नल प्रोग्रामांचा कोडच मेमरीतून टाकून देतं, कारण तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. पुढच्याच क्षणी तो लागतो, पुन्हा वाचला जातो, पुन्हा टाकला जातो. मशीन सारखं धावतं पण जागचं हलत नाही. स्वॅप (रॅममधला मजकूर तात्पुरता ठेवायची डिस्कवरची जागा) पूर्ण बंद केलं तर हे टळेल असा समज आहे. उलट स्वॅप नसताना टाकायला कोडच उरतो. थोडं स्वॅप किंवा झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप) ठेवा.

तपासायला कर्नल ४.२० पासून चांगली सोय आहे: 'प्रॉक/प्रेशर/मेमरी' ही फाइल. त्यातली 'फुल' ही ओळ सांगते की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ सगळं काम मेमरीसाठी खोळंबलं होतं. ती दर पाच सेकंदांनी लॅपटॉपवर पाठवत राहा; हँगच्या आधी आकडा चढत गेला तर कारण सापडलं. नुसत्या लोड ॲव्हरेजवरून कळणार नाही, कारण लिनक्स त्यात डिस्कची वाट बघणाऱ्या प्रोसेसही मोजतं. २०० लोड म्हणजे कोअरवर २०० कामं असा अर्थ नाही.

दोन सापळे. कोड कंपाइल करताना 'मेक उणे-जे' पुढे आकडा न देता चालवू नका: त्याचा अर्थ 'एकाच वेळी हवी तितकी कामं' असा होतो. आकडा द्या, आणि तो कोअरच्या संख्येवर नव्हे, रॅमवर ठरवा. सी++ चं मोठं काम असेल तर एकेक कंपायलर दोन जीबीदेखील घेतो. १६ थ्रेड आणि १६ जीबी रॅम असेल तर जे-१६ म्हणजे हँगला आमंत्रण. दुसरा सापळा लिहिण्याचा. कर्नल मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठवू देतं. ६४ जीबी मोकळी असेल तर साधारण १२ जीबी. तो हळू पेनड्राइव्हवर जायचा असेल तर बराच वेळ सगळं अडून राहतं. 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' एक जीबीच्या आत आणि 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' त्याच्या चौथ्या हिश्शावर बांधा.

अर्लीऊम किंवा सिस्टिमडी-ऊमडी लावलं तर मशीन थिजायच्या आधीच एखादी प्रोसेस किंवा प्रोसेसचा गट मारला जातो. घरच्या मशीनवर मी लावतोच. तीन दिवसांचं गणित चालणाऱ्या मशीनवर मात्र विचार करून लावा.

६. तापमान, वीज, रॅम

'सेन्सर्स' कमांडने तापमान बघा, तेही काम चालू असताना आणि शक्य तर दुपारी. मे महिन्यात जळगाव-अकोल्याला बंद खोलीत ठेवलेलं मशीन आणि जानेवारीत महाबळेश्वरला ठेवलेलं मशीन एकच असलं तरी वागणूक एक नसते. फक्त उन्हाळ्यात, फक्त दुपारी हँग होत असेल तर कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा आणि दुसऱ्या सॉकेटचा पंखाही फिरतोय ना ते डोळ्यांनी बघा.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ रात्रभर. एकही चूक आली तर चूक आहे, 'एकच तर आली' म्हणून सोडू नका. चाचणीच्या आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमवर छापलेला जास्तीचा वेग लावणारं सेटिंग) बंद करा. तो छापील वेग म्हणजे ओव्हरक्लॉकच असतो. मशीन तीन वर्षं त्याच वेगाने चाललं असलं तरीही. ईसीसी (चुका स्वतः ओळखून दुरुस्त करणारी) रॅम असेल तर रासडीमन चालू ठेवा, दुरुस्त झालेल्या चुकाही तो स्लॉटसकट नोंदवतो.

वीजपुरवठ्याला तपासणीचं सोपं साधन नाही. ओळखीच्या दुकानातून दुसरा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दोन दिवस आणून लावणं हीच चाचणी.

७. कोअर कमी करून बघा

बूटच्या ओळीत 'मॅक्ससीपीयूज=१' लावून तेच काम चालवा. 'नोएसएमपी' लावू नका. त्याने इंटरप्टची व्यवस्थाही बदलते आणि तुलना फसते. एका कोअरवर हँग होत नसेल तर संशय कुलपांवर, उष्णतेवर किंवा विजेवर. होत असेल तर ड्रायव्हर, रॅम, डिस्क.

चालू मशीनवरही कोअर काढता येतात: 'सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू' खाली प्रत्येक कोअरची 'ऑनलाइन' नावाची फाइल असते, तिच्यात ० लिहा. पहिल्या कोअरला ती बहुधा नसते. दोन सॉकेट असतील तर आधी दुसऱ्या सॉकेटचे सगळे कोअर बंद करून बघा. हायपरथ्रेडिंग बंद करायला तिथल्याच 'एसएमटी' डिरेक्टरीतल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑफ' लिहा.

भार मुद्दाम आणायला स्ट्रेस-एनजी. एकेक प्रकार वेगळा लावा: आधी फक्त सीपीयू, मग फक्त मेमरी, मग फक्त डिस्क, मग सगळं एकत्र. फक्त डिस्कच्या भाराला हँग झालं तर प्रोसेसरवर पैसे घालवायचे नाहीत, हे तासाभरात कळतं. मी हे केलं असतं तर रॅम विकत घेतली नसती.

८. प्रोसेसरचेच ठाऊक असलेले दोष

बायोस आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, अपडेट करता येणारं सॉफ्टवेअर) ताजे करा. सध्याचा मायक्रोकोड 'प्रॉक/सीपीयूइन्फो'त दिसतो. हे कंटाळवाणं वाटतं, पण दोन उदाहरणं पुरेत.

२०१७ च्या पहिल्या रायझेन प्रोसेसरांपैकी काहींवर लिनक्सवर खूप समांतर कंपाइल लावलं की प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने पडायचे. एएमडीने ते मान्य करून प्रोसेसर बदलून दिले. त्याच पिढीत उलटा त्रासही होता, मशीन रिकामं असताना हँग होणं. त्यावर बायोसमधलं 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हे सेटिंग 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवणं हा उपाय निघाला.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून मिळाली. मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल आणि अपडेटनंतरही लोडला त्रास होत असेल तर बिल शोधा आणि वॉरंटीत बदलून मागा.

९. तक्रार नोंदवताना

कारण कर्नलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये दिसलं तर वितरणाच्या बगझिलात (दोष नोंदवायच्या जागी) नोंद करा. सोबत कर्नलची आवृत्ती, मदरबोर्ड आणि बायोसची आवृत्ती, नेटकन्सोलचा पूर्ण लॉग मजकूर म्हणून (फोटो नको), आणि किती कोअरवर किती वेळाने होतं ते. लॉगमध्ये 'टेंटेड' शब्दापुढे 'पी' असेल तर बंदिस्त ड्रायव्हर चढलेला आहे. तो काढून तेच पुन्हा घडवून दाखवा, नाहीतर पहिलं उत्तर तेवढंच मागणारं येईल. जुन्या कर्नलवर त्रास नव्हता आणि नव्यावर आहे, एवढी एक ओळ दहा पानांच्या लॉगइतकी मोलाची असते.

१०. बरं झालं असं कधी म्हणायचं

हँग तीन तासांनी येत होता तर पाच तास चाललं म्हणजे झालं, असं नाही. कमीत कमी दहापट वेळ, तेच काम, सगळे कोअर लावून. आम्ही बहात्तर तास चालवलं, शनिवार-रविवार धरून. मग तपासासाठी केलेले बदल एकेक करून मागे घ्या: काढलेले कोअर, बंद केलेलं हायपरथ्रेडिंग, मंद केलेली रॅम. प्रत्येक बदलानंतर निदान एक पूर्ण रात्र जाऊ द्या. एनएमआय वॉचडॉग आणि नेटकन्सोल मात्र तसेच चालू ठेवा. आमचा जुना लॅपटॉप अजून त्याच कपाटावर आहे, आणि दर सोमवारी सकाळी मी त्याच्यावरची फाइल उघडून बघतो.